बाटली

मकरपुऱ्यात, शेवटच्या शेडच्या मागे आमची खोली.
आत जायला तीन दारं,
आधीचं मिटल्याशिवाय पुढचं उघडत नाही.
पहिल्यात चपला, घड्याळ, टिकली (ती मी आरशाला चिकटवते).
दुसऱ्यात केस, कान, कपाळ.
तिसऱ्यात माणसाचे डोळे तेवढे उरतात.

मृण्मयी गुप्ते, दांडिया बाजारातली, नवीन,
पहिल्या दिवशी हसून म्हणाली, सोवळंच की हे!
मीही हसले. जरा उशिरा.

माझी आई त्याच गल्लीत भांडी घासायची,
मागच्या दारी, मोरीच्या कडेला.
घासलेल्या पातेल्यावर पुन्हा पाणी शिंपडून
ती माणसं ते आत घ्यायची.
तेव्हा नक्की काय धुतलं जात होतं,
मला अजून कुठल्या भिंगाखाली दिसलेलं नाही.

इथली गाळणी अडवते ती धूळ, जंतू.
आडनाव तिच्यातून सहज जातं.

आत एक पिशवी. साठ मिली, अर्धा कप चहा.
लेबलवर नाव नाही, शून्य सतरा.
त्याच्याच रक्तातून काढलेल्या,
त्याचा आजार ओळखायला शिकवलेल्या,
वाढवून त्यालाच परत द्यायच्या पेशी.
त्या उकळता येत नाहीत, गाळता येत नाहीत,
जंतू मारायला जावं तर आधी त्याच मरतात.
एवढंच हातात असतं: कुणी आत शिरलंय का, बघणं.

पूर्वी बघायचे चौदा दिवस.
रोज सकाळी नळी उजेडात धरायची,
गढूळ झाली का?
विश्वामित्रीच्या पुलावर लोक वाकून उभे असतात तसं:
मगर की ओंडका, मगर की ओंडका.
पण शून्य सतराकडे चौदा दिवस नाहीत.
असे काहीजण असायचे, त्यांना आधीच टोचून व्हायचं,
आणि अकराव्या दिवशी नळी गढुळायची.
त्या फोनचा नंबर फिरवताना बोट जड होतं,
ते वजन अजून ओळखीचं आहे.

आता यंत्र आहे. बाटलीच्या बुडाशी एक हिरवट टिकली,
आत कुणी श्वास सोडला की पिवळी होते.
दर दहा मिनिटांनी यंत्र तिच्याकडे बघतं.
पेशीही श्वास घेतात, पण दमानं.
जंतू हावरे. दुप्पट, मग त्याच्या दुप्पट.

एकोणिसाव्या तासाला, पहाटे पावणेचारला, पिवळी.

हितार्थनं रजिस्टर उघडून विचारलं, काय लिहू?
माझ्या तोंडून मराठीच निघालं:
बाटली बाटली.
गुजरातीतही बाटली म्हणजे बाटलीच,
पण बाटणं त्यांच्याकडे वेगळ्या शब्दात राहतं.
त्यानं इमानानं दोनदा लिहिलं. मी एक खोडलं.
कुठलं, ते त्याला सांगितलं नाही.

काचेवर थेंब, रंग, भिंग.
जांभळे घोस, द्राक्षांसारखे.
आपल्या सगळ्यांच्या कातडीवर बिनभाड्यानं राहणारे.
मृण्मयीनं हळूच विचारलं, कुणाच्या हातचा?
तिघं आत गेलो होतो.
तिघांच्या हातमोज्यांचे ठसे प्लेटवर घेतले,
माझे आधी.
फॉर्ममध्ये रकाना होता, उगम.
मी लिहिलं: मानवी त्वचा.
जात, पोटजात, गाव, यांना रकाना नव्हता.

अहमदाबादला फोन केला.
नऊ वाजताचं टोचू नका.
अर्धं रक्त गोठवून ठेवलंय, आजच पुन्हा लावतो,
बारा दिवस लागतील. धरेल का तो?
पलीकडे डॉक्टर गप्प. लिफ्टचं दार वाजलं.
मग म्हणाले, बघू.
काल त्यानं अर्धा खाखरा खाल्ला.

सहाला मी पुन्हा पहिल्या दारात.
आरशाला माझी कालची टिकली तशीच.
हात धुतले, कोपरापर्यंत, आई धुवायची तसे,
फक्त राखेचा वास नाही.
मागचं दार मिटलं.
पुढचं उघडायला सात सेकंद लागतात.